घरच्या सेडानची परफॉर्मन्स आवृत्ती काढावी का? निर्णय घेण्याची एक पद्धत

वाहन कंपन्यांच्या नियोजन विभागात एक प्रस्ताव दर काही वर्षांनी हमखास येतो. आपल्याकडे घरातल्या चार-पाच माणसांना सामानासकट घेऊन जाणारी, चांगली खपणारी एक साधी सेडान आहे; तिच्यात अधिक ताकदीचे इंजिन बसवून तिची परफॉर्मन्स आवृत्ती का काढू नये, असा तो प्रस्ताव असतो. बैठकीत एक गट उत्साहाने बोलतो, दुसरा गट खर्चाचे आकडे पुढे सरकवतो, आणि पुष्कळदा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने निर्णय होतो. चाकण, रांजणगाव किंवा शेंद्रा पट्ट्यातल्या कारखान्यांत नियोजनाचे काम नव्याने हाती घेणाऱ्यांना हा प्रश्न पद्धतशीरपणे सोडवता यावा, यासाठी हे लिहीत आहे. माझे मूळ म्हणणे असे की इंजिन हा या निर्णयातला सर्वांत सोपा भाग आहे. गाडी काढावी की नाही हे कर, गिअरबॉक्स, ब्रेक, जोडणीची जागा आणि ती गाडी नेमकी कोणासाठी आहे, या गोष्टी ठरवतात. म्हणून विचारालाही तिथूनच सुरुवात केली पाहिजे.

गाडी पैशासाठी की नावासाठी

पहिल्या कागदावर एकच वाक्य लिहावे: ही आवृत्ती नफा मिळवण्यासाठी काढायची आहे की कंपनीचे नाव उजळण्यासाठी. दोन्ही उद्देश प्रामाणिक आहेत, पण दोन्हींचे हिशेब वेगळे असतात आणि ते एकत्र केले की फसगत होते.

नावासाठी गाडी आणण्याचे स्वच्छ उदाहरण म्हणजे भारतातली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. २०१७ साली ती २३० पीएस (पीएस हे ताकदीचे एकक, जवळपास अश्वशक्तीएवढेच) ताकदीसह आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत २४.६२ लाख रुपये होती. २०२० साली २४५ पीएसची आवृत्ती पूर्ण तयार अवस्थेत आयात झाली. तिच्या फक्त २०० गाड्या आणल्या आणि किंमत ३५.९९ लाख ठेवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये २६५ पीएसची नवी आरएस आली ती केवळ १०० गाड्यांपुरती, ४९.९९ लाखांना, आणि नोंदणी सुरू होताच सगळ्या गाड्या संपल्या. या मार्गाला एक नियमही उपयोगी पडतो: मान्य परदेशी मानकांनुसार प्रमाणित झालेली गाडी असेल, तर एका उत्पादकाला वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या भारतात पुन्हा पूर्ण प्रमाणन, म्हणजे चाचण्या घेऊन सरकारी मान्यता, न करता आणता येतात. साचे बदलावे लागत नाहीत, पुरवठादारांशी नवे करार करावे लागत नाहीत. आयात शुल्काचा भार ग्राहक उचलतो आणि कंपनीचा धोका मर्यादित राहतो.

मात्र १०० गाड्या हातोहात संपल्या यावरून १०,००० गाड्यांना गिऱ्हाईक आहे, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. एवढ्या मोठ्या देशात १०० हौशी आणि सधन ग्राहक मिळाले, एवढेच त्यातून सिद्ध होते. मर्यादित संख्येची गाडी टंचाईमुळेही हवीहवीशी वाटते, आणि टंचाई काढून घेतली की त्या मागणीचा किती भाग उरेल हे बुकिंगच्या आकड्यांवरून कळत नाही.

खपासाठी काढलेल्या गाडीचे उदाहरण चाकणमध्येच तयार होते. फोक्सवॅगन व्हर्टस २०२२ साली बाजारात आली, तेव्हा तिच्यात ११५ पीएसचे १ लिटर आणि १५० पीएसचे १.५ लिटर अशी दोन इंजिने होती, आणि मोठ्या इंजिनाच्या गाडीला जीटी हे नाव दिले गेले. मूळ आखणीतच दोन्ही इंजिने गृहीत धरलेली असल्यामुळे जीटी ही नंतर जोडलेली शेपूट वाटत नाही. तिला खरी परफॉर्मन्स गाडी म्हणावे का, यावर शौकीन मंडळी वाद घालतील. नियोजनाच्या दृष्टीने मात्र ती एक शहाणी रचना आहे, कारण नेहमीच्या जोडणी रेषेवर (असेंब्ली लाइनवर), नेहमीच्या डीलरकडे आणि हप्त्यांच्या नेहमीच्या गणितात ती बसते.

इंजिन निवडण्याआधी कराची पट्टी पाहा

भारतात इंजिनाची क्षमता आणि गाडीची लांबी यांवर कर ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांब आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे. यांपैकी एकही मर्यादा ओलांडली की दर ४० टक्के होतो. समजा, ४ मीटरच्या आतल्या एका सेडानची करपूर्व किंमत ६ लाख रुपये आहे. १८ टक्क्यांनी ती ७ लाख ८ हजारांना पडते. तिच्यात १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन बसवले आणि करपूर्व किंमत एक रुपयानेही वाढू दिली नाही, असे घटकाभर धरले, तरी ४० टक्क्यांनी ती ८ लाख ४० हजारांवर जाते. म्हणजे ग्राहकाला कोणतीही नवी वस्तू मिळण्याआधीच १ लाख ३२ हजारांचा फरक पडला, आणि इंजिन, ब्रेक, टायर यांचा खर्च अजून त्यात धरलेलाच नाही.

म्हणून ४ मीटरच्या आतल्या सेडानची परफॉर्मन्स आवृत्ती करायची असेल, तर १,२०० सीसीच्या आत राहून टर्बोचार्जरच्या (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या) जोरावर ताकद वाढवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. टाटा टिगोर जेटीपीने २०१८ मध्ये हेच केले. टाटा मोटर्स आणि कोइम्बतूरची जयेम ऑटोमोटिव्हज यांच्या संयुक्त कंपनीने टियागो आणि टिगोर या दोन्ही गाड्यांत १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन बसवले. साध्या टिगोरच्या ८५ पीएसच्या जागी ११४ पीएस मिळाले, टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, ११४ वरून १५० न्यूटन मीटर झाला, आणि गाडी लहान गाड्यांच्या करपट्टीतच राहिली. टिगोर जेटीपीची दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ७.४९ लाख होती. तो करांचा जुना काळ होता, पण तर्क आजही तोच आहे आणि १८ व ४० टक्क्यांमधल्या दरीमुळे तो अधिकच महत्त्वाचा झाला आहे.

सेडान ४ मीटरपेक्षा लांब असेल तर चित्र उलटे होते. तिला छोटे इंजिन असले तरी ४० टक्के भरावेच लागतात. मग मोठे इंजिन बसवल्याने कराचा दर बदलत नाही. ४,५६१ मिलिमीटर लांबीच्या व्हर्टसच्या दोन्ही इंजिनांना एकच दर लागतो. त्यामुळे लांब सेडानच्या बाबतीत परफॉर्मन्स आवृत्तीचा प्रस्ताव सहज फेटाळू नये. तिथे वाढीव किमतीतला बराचसा पैसा खऱ्या सुधारणेवर खर्च करता येतो.

इंजिन आपल्याच कोठारात आहे का

दुसऱ्या मॉडेलसाठी आधीच तयार झालेले, प्रमाणित झालेले आणि ज्याचे सुटे भाग उपलब्ध आहेत असे इंजिन मिळत असेल, तरच पुढे जावे असा माझा स्पष्ट सल्ला आहे. होंडाने २०१८ च्या अकॉर्डला अमेरिकेत जे २ लिटरचे २५२ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन दिले, ते सिव्हिक टाइप आरच्या इंजिनाचेच नाते सांगणारे होते. फोर्डने २०१७ च्या फ्यूजन स्पोर्टमध्ये ३२५ अश्वशक्तीचे २.७ लिटर व्ही६ घातले, तेही कंपनीच्या इतर गाड्यांत वापरात असलेले. जेटीपीचे इंजिनही नेक्सॉनच्या घराण्यातले होते.

केवळ एका सेडानसाठी इंजिन बनवण्याचा मार्ग किती अवघड असतो, हे फोर्ड टॉरस एसएचओ पाहिली की कळते. १९८९ च्या मॉडेलसाठी यामाहाने ३ लिटरचे २४ व्हॉल्व्हचे व्ही६ तयार केले; त्याने २२० अश्वशक्ती दिली, तर साध्या टॉरसचे ३ लिटर व्ही६ सुमारे १४० देत होते. इंजिन म्हणून ते देखणे आणि कर्तबगार होते. पण एवढ्या वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला जुळेल असा स्वयंचलित गिअरबॉक्स फोर्डकडे नव्हता, म्हणून ही गाडी फक्त हाताने गिअर बदलणाऱ्यांना मिळाली. अमेरिकेत घरगुती सेडान घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना स्वयंचलित गिअर हवे असतात. त्यांना एसएचओसाठी १९९३ पर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हा त्या गिअरबॉक्ससोबत ३.२ लिटरचे वेगळे इंजिन द्यावे लागले. घरातल्या दोन चालकांपैकी एकालाच चालवता येणारी किंवा आवडणारी गाडी ही घरची गाडी राहत नाही. प्रस्तावात इंजिनाच्या नावाशेजारी गिअरबॉक्सचे नाव, त्याची टॉर्क पेलण्याची मर्यादा आणि तो हाती कधी येणार ती तारीख लिहिलेली नसेल, तर तो प्रस्ताव अपुरा समजून परत पाठवावा.

आणखी एक मोह टाळावा. ताकद न वाढवता केवळ नाव, पट्टे आणि जाळी बदलून गाडी विकण्याचा मार्ग स्वस्त असतो, पण तो नावाचे भांडवल खातो. २०११ साली भारतात स्कोडाची लॉरा व्हीआरएस आली, तेव्हा तिच्यात १.८ लिटरचे १६० पीएसचे तेच इंजिन होते जे साध्या लॉरात मिळत होते. युरोपातल्या व्हीआरएसला मात्र २ लिटरचे २०० पीएसचे इंजिन होते. ज्यांना हा फरक ठाऊक होता, नेमके तेच या गाडीचे संभाव्य ग्राहक होते.

इंजिनानंतरची खरी कामे

ताकद वाढली की गाडीचा प्रत्येक अवयव नव्याने तपासावा लागतो, आणि या कामावर घालवलेला वेळच पुढे गाडीची प्रतिष्ठा ठरवतो. सर्वांत आधी ब्रेक. वेग दीडपट झाला की थांबवण्याची ऊर्जा सव्वादोनपट होते. चालकासह १,३०० किलो वजनाची सेडान ताशी १०० किलोमीटरने जात असेल, तर तिच्यात सुमारे ५०० किलोज्यूल ऊर्जा असते. तीच १४० वर गेली की ही ऊर्जा ९८० किलोज्यूलच्या आसपास पोहोचते. ही सारी उष्णता डिस्क आणि पॅडमध्ये उतरते. सपाट रस्त्यावर एकदा ब्रेक दाबून घेतलेल्या चाचणीत हा फरक फारसा जाणवत नाही. भरलेली गाडी बोरघाट किंवा ताम्हिणी घाट उतरते, पुढे ट्रकांची रांग असते आणि दर वळणाला ब्रेक दाबावा लागतो, तेव्हा तो जाणवतो. म्हणून चाचणी पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊनच करावी. रिकाम्या गाडीचा अहवाल परफॉर्मन्स आवृत्तीच्या बाबतीत ग्राह्य धरू नये.

दुसरी गोष्ट उष्णतेची. टर्बो इंजिनाला थंड हवा लागते. युरोपातल्या थंड हवेत आणि उच्च ऑक्टेनच्या पेट्रोलवर जुळवलेले इंजिन विदर्भातल्या मे महिन्यात, वातानुकूलन चालू ठेवून, वाहतुकीच्या खोळंब्यात अर्धा तास उभे राहिल्यानंतर तितकीच ताकद देईल असे गृहीत धरू नये. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) आकार, बंपरमधली हवेची वाट आणि २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनावरचे वर्तन या तिन्ही बाबी आधीच ठरवाव्यात. ज्या गाडीला केवळ महागडे पेट्रोलच मानवते, ती गाडी आडगावच्या पंपावर मालकाला अडचणीत आणते.

तिसरी बाब सस्पेन्शन आणि जमिनीपासूनची उंची. टोयोटाने २०२० च्या कॅमरी टीआरडीत याचा चांगला धडा घालून दिला. साध्या कॅमरी व्ही६ चेच ३०१ अश्वशक्तीचे इंजिन ठेवून त्यांनी खर्च इतरत्र केला: गाडी सुमारे १५ मिलिमीटर खाली घेतली, स्प्रिंगा आणि डॅम्पर (धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) कडक केले, पुढचे ब्रेक मोठे केले आणि सांगाड्याला जादा आधार दिले. घरगुती सेडानला हवे ते बळ पुष्कळदा इंजिनात आधीच असते. ते वळणावर विश्वासाने वापरता येत नाही, ही खरी उणीव असते. त्याच गाडीने एक किंमतही मोजली. मागच्या आसनामागे आडवा आधार आल्यामुळे आसनाची पाठ दुमडता येईना, आणि लांब सामान डिकीतून आत सरकवण्याची सोय गेली. हा व्यवहार अमेरिकेत चालून गेला. आपल्याकडे तो करण्याआधी लग्नसराईत, गणपतीला कोकणात जाताना आणि मुलांना वसतिगृहात सोडताना ती डिकी कशी भरली जाते, याचा विचार झाला पाहिजे.

गाडी खाली घेण्याबाबत तर आपल्याकडे फारच सावध राहावे. गतिरोधकांची उंची गावोगाव वेगळी असते, पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली दडतात, आणि पाच माणसे बसली की गाडी आणखी खाली दबते. पेट घासणारी सेडान पहिल्या महिन्यात घरातल्या सगळ्यांच्या मनातून उतरते, मग तिचे इंजिन कितीही गोड असो. माझ्या मते भारतीय रस्त्यांवर उंची कमी करण्यापेक्षा चांगल्या प्रतीचे डॅम्पर आणि उत्तम पकडीचे टायर यांवर पैसे घालावेत. टायर बदलताना कमी बाजूउंचीच्या दिखाऊ टायरांच्या मागे लागू नये. त्यांची कड खड्ड्यात फुटते आणि छोट्या गावात त्या मापाचा नवा टायर मिळत नाही.

मागच्या आसनावरच्या माणसाला विचारा

शौकिनांच्या गटाला बोलावून ही गाडी आवडेल का असे विचारले, तर उत्तर नेहमीच होकारार्थी येते. त्या उत्तराला फारसा अर्थ नाही. ज्याला केवळ वेग हवा असतो तो छोटी हॅचबॅक किंवा मोटारसायकल घेतो. सेडान घेणाऱ्याला डिकी हवी असते, मागे आईवडिलांना नीट बसता यायला हवे असते, आणि घरात एकच गाडी असल्यामुळे ती निवडताना घरच्यांची संमती लागते. म्हणून प्रश्न असा विचारावा: साध्या सेडानच्या सर्वांत वरच्या आवृत्तीपेक्षा ही गाडी सव्वा लाखाने महाग आहे, तिच्यात सनरूफ नाही, ती लिटरमागे दोन किलोमीटर कमी जाते आणि मागे बसणाऱ्याला थोडे अधिक हादरे बसतात, आता दोघींपैकी कोणती घ्याल? आणि हा प्रश्न चालकाला विचारल्यावर त्याच्या नवऱ्याला, बायकोला किंवा वडिलांना स्वतंत्रपणे विचारावा. दोन्ही उत्तरे जुळली, तरच तो ग्राहक मोजावा.

याच टप्प्यावर एक कठोर तुलनाही केली पाहिजे. मार्च २०२४ मध्ये भारतात आलेल्या बीवायडी सील या विजेवरच्या सेडानची सर्वांत ताकदवान आवृत्ती ५३० पीएसची आहे, ती ३.८ सेकंदांत ताशी १०० किलोमीटर गाठते, आणि तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ५३ लाख होती. २०२५ च्या ऑक्टाव्हिया आरएसला त्याच वेगासाठी ६.४ सेकंद लागतात आणि तिची किंमत जवळपास तेवढीच होती. सरळ रस्त्यावरचा वेग एवढाच दावा असेल, तर पेट्रोल सेडान तो दावा हरली आहे. तिच्याकडे जे उरते ते म्हणजे हलके वजन, वळणावरची चपळाई, गिअर बदलताना मिळणारा आनंद आणि इंधन पाच मिनिटांत भरून पुढे निघण्याची सोय. प्रस्तावात यांपैकी एकाचाही ठोस उल्लेख नसेल आणि फक्त सेकंदांचा आकडा असेल, तर ती गाडी तयार होईपर्यंतच जुनी झालेली असेल.

गाडी जोडायची कुठे

हा मुद्दा बैठकीत कोणी काढत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. मर्सिडीज-बेंझने १९९० मध्ये ५०० ई ही ५ लिटर व्ही८ इंजिनाची, ३२६ पीएसची सेडान दाखवली. चाकांवरची पत्र्याची कड रुंद केल्यामुळे तिचा सांगाडा मर्सिडीजच्या सिंडेलफिंगेन कारखान्यातल्या नेहमीच्या रेषेत बसत नव्हता. त्या काळात पोर्शेच्या कारखान्यात काम कमी होते. म्हणून जोडणी पोर्शेकडे त्सुफेनहाउझेनमध्ये झाली, आणि गाड्यांचे सांगाडे दोन कारखान्यांमध्ये ये-जा करत राहिले. एक गाडी पूर्ण व्हायला सुमारे १८ दिवस लागत. १९९५ पर्यंत १०,४७९ गाड्या तयार झाल्या. ती गाडी आजही आदराने आठवली जाते, पण तेवढी किंमत देणारा ग्राहक होता म्हणूनच ती पद्धत परवडली. ७-८ लाखांच्या सेडानसाठी असा प्रवास परवडणार नाही. तिथे नियम साधा ठेवावा: पत्रा, दारे आणि काचा मूळ गाडीच्याच, जो बदल नेहमीच्या रेषेवर नेहमीच्या वेळेत बसवता येत नाही तो करू नये, किंवा तो एकाच ठिकाणी रेषेबाहेर, मोजक्या माणसांच्या हाती द्यावा.

हिशेब: दिसतो तेवढा सोपा नाही

पुढचे आकडे पद्धत समजावी म्हणून मी मानलेले आहेत. समजा, जुळवणी, चाचण्या, प्रमाणन, पुरवठादारांचे साचे आणि जाहिरात मिळून ४० कोटी रुपये एकदाच खर्च होतील, आणि प्रत्येक गाडीमागे बदलता खर्च वजा जाता ८०,००० रुपये उरतील. भागाकार केला की ५,००० गाड्यांत खर्च वसूल होतो असे दिसते, आणि बहुतेक सादरीकरणे इथेच थांबतात.

खरा प्रश्न याच्या पुढे आहे. यांपैकी किती ग्राहक एरवी आपल्याच साध्या सेडानची वरची आवृत्ती घेणार होते? समजा दहापैकी सहा, आणि त्या आवृत्तीतून गाडीमागे ६०,००० रुपये मिळाले असते. मग परफॉर्मन्स आवृत्तीने सरासरीने खरोखर मिळवून दिलेली जादा रक्कम ८०,००० नसून ४४,००० आहे, आणि वसुलीसाठी ५,००० ऐवजी ९,१०० च्या आसपास गाड्या विकाव्या लागतील. स्वतःच्याच गाडीचे ग्राहक पळवणे हा या प्रकारच्या गाडीचा नेहमीचा स्वभाव आहे. तो हिशेबात धरला नाही, तर वर्षभराने विक्रीचा आकडा चांगला दिसतो आणि तिजोरी मात्र तेवढीच राहते.

ताफ्याच्या, म्हणजे कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या, सरासरी उत्सर्जनाची भीती मात्र पुष्कळदा वाजवीपेक्षा जास्त दाखवली जाते. भारतात २०२२-२३ पासून ताफ्याची सरासरी किलोमीटरमागे ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आसपास ठेवण्याचे बंधन आले. वर्षाला एक लाख गाड्या विकणाऱ्या कंपनीने ४० ग्रॅम जास्त उत्सर्जन करणाऱ्या १,००० गाड्या विकल्या, तर सरासरी ०.४ ग्रॅमने वाढते. हा भार पेलता येतो. त्याच १,००० च्या जागी २०,००० गाड्या झाल्या, तर तो ८ ग्रॅम होतो, आणि मग दुसऱ्या कुठल्या गाडीने तो भरून काढायचा हे आधी ठरवावे लागते. अमेरिकेत होंडाने २०२३ च्या नव्या अकॉर्डमध्ये ते २ लिटरचे टर्बो इंजिन ठेवले नाही. वरच्या सर्व आवृत्त्या हायब्रिड झाल्या.

रस्त्यावरची जबाबदारी

१९९० मध्ये लोटस या ब्रिटिश कंपनीने ओपेल ओमेगा आणि व्हॉक्सहॉल कार्लटन अशा दोन नावांनी विकल्या जाणाऱ्या घरगुती सेडानवरून ३७७ अश्वशक्तीची, ताशी सुमारे २८० किलोमीटर धावणारी गाडी बनवली. ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांनी आणि राजकारण्यांनी तिच्याविरुद्ध रान उठवले. चोरलेल्या एका कार्लटनने चोरट्यांनी दुकाने लुटली आणि पोलिसांच्या गाड्या तिला गाठू शकल्या नाहीत, ही हकीकतही गाजली. १,१०० गाड्यांची योजना ९५० वर थांबली. मला ती गाडी अभियांत्रिकीचा मोठा नमुना वाटते, आणि तरीही टीकाकारांचा प्रश्न मला फालतू वाटत नाही.

भारतात तर तो अधिक गंभीरपणे घ्यावा लागेल. २०२२ साली आपल्याकडे रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, आणि त्यांतल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरसुद्धा मोटारींची कमाल मर्यादा सपाट भागात ताशी १०० किलोमीटर आहे. म्हणून इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण, सहा एअरबॅग, मागच्या आसनावरही सीटबेल्टची सूचना आणि पावसात पकड सांभाळणारे टायर या गोष्टी परफॉर्मन्स आवृत्तीत पर्यायी ठेवू नयेत. किंमत कमी करण्यासाठी यांपैकी काही काढण्याचा प्रस्ताव आला, तर गाडीच काढू नये. जाहिरातीतही रिकाम्या महामार्गावरचा कमाल वेग दाखवण्यापेक्षा घाटात ओव्हरटेक करताना किती कमी वेळ विरुद्ध मार्गिकेत राहावे लागते, किंवा भरलेली गाडी किती अंतरात थांबते, हे दाखवावे. जास्त ताकदीचा घरच्या माणसांना खरा उपयोग होतो तो तिथेच.

बंद करण्याची तारीख आधीच लिहा

जेटीपी गाड्या ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस विक्रीला आल्या आणि एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ हा उत्सर्जनाचा कडक नियम लागू झाला, तेव्हा त्या पुढे चालू राहिल्या नाहीत. म्हणजे बाजारात त्यांना जेमतेम दीड वर्ष मिळाले. भारत स्टेज ६ ची तारीख २०१६ पासून सर्वांना माहीत होती. कमी संख्येच्या गाडीसाठी इंजिन पुन्हा जुळवून पुन्हा प्रमाणित करणे हा नवा खर्च असतो, आणि तो पहिल्या हिशेबात धरलेला नसेल, तर गाडी नियमाच्या पहिल्या बदलालाच बळी पडते. म्हणून प्रस्तावाला नियमांचे वेळापत्रक जोडावे: उत्सर्जनाचा पुढचा टप्पा, ताफ्याच्या सरासरीचा पुढचा टप्पा, इंधनातले बदल आणि मूळ सेडानचे स्वतःचे आयुष्य. गाडी बाजारात येण्याचा दिवस आणि पुढचा मोठा नियम यांत तीन वर्षांपेक्षा कमी अंतर असेल, तर एक तर त्या पुढच्या नियमालाच धरून इंजिन जुळवावे किंवा तेवढी वाट पाहावी.

आणि गाडी बंद झाली तरी ती विकत घेतलेली माणसे उरतातच. साध्या सेडानचे आरसे, दारे आणि काचा कुठेही मिळतील. परफॉर्मन्स आवृत्तीचे मोठे ब्रेक पॅड, वेगळे क्लच, खास डॅम्पर आणि टर्बोच्या नळ्या मिळणार नाहीत. शेवटची गाडी रेषेवरून उतरण्याच्या सहा महिने आधी अशा भागांची यादी करावी, पुढच्या दहा वर्षांत किती लागतील याचा अंदाज बांधावा, पुरवठादाराकडून तेवढे एकदम बनवून घ्यावेत, आणि त्या साठ्याचा खर्च पहिल्या दिवसाच्या ४० कोटींतच धरलेला असावा.